तेलाला शीग लागत नाही

सोमवार, ३

लेक आज गेली. सहा आठवड्यांचं ट्रेनिंग, ते नीट पार पडलं तर नोकरी पक्की. निघताना तिने पोरीला कमी आणि काट्याला जास्त कुरवाळलं. काटा म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. पाटीएवढा, काचेचा, बॅटरीवर चालणारा. "आई, हा पडू देऊ नकोस. आई, ह्याच्यावर पाणी सांडू नकोस. आई, दर वेळी आधी शून्य करायचं." मी म्हटलं, बाई, तू पोरगी सोडून चाललीस का काटा?

पोरगी म्हणजे माझी नात, मुंगी. लहानपणी सारखी साखरेच्या डब्यापाशी सापडायची म्हणून हे नाव पडलं. आता साखर बंद आहे, नाव तेवढं राहिलं. तिला झटके यायचे. उभी असेल तिथे ताठ होऊन पडायची, दात आवळायची, तोंडाला फेस. औषधांनी थांबेनात. मग मोठ्या डॉक्टरांनी ह्या जेवणावर घातलं. तेल, लोणी, क्रीम भरपूर, पीठ आणि साखर जवळजवळ नाहीच, भाजी-फळ चिमणीच्या घासाएवढं, आणि सगळं ग्रॅममध्ये तोलून. ह्या जेवणाने झटके थांबले. कसे थांबले ते मला विचारू नका, मला कुणी समजेल असं सांगितलेलं नाही. पण थांबले हे खरं. वर्ष होऊन गेलं, एकदाही पडली नाही. लेकीने त्यासाठी कामधंदा सोडून रोज तीन वेळा तोलून घातलं. आता मी घालायचं. जावई जहाजावर असतो, तो फोनवर "सगळं ठीक ना" विचारतो आणि ठेवतो.

ही डायरी ह्यांना कामावर मिळाली. हे म्हणजे माझा नवरा, ट्रक तोलायच्या काट्यावर बसतात. डायरी गेल्या वर्षीची आहे, वार जुळत नाहीत, मी खोडून लिहिते. लेकीसाठी फ्रिजवर कागद लावलाय, त्यात काय खाल्लं, पट्टीचा रंग काय, ते भरायचं. इथे मात्र माझ्या मनाचं. चौथीत शाळा सुटली माझी, अक्षर बघून कुणी हसायला इथे येणार नाही.

मंगळवार, ४

काटा डोक्यात जाणार माझ्या.

वाडगं ठेवलं, शून्य केलं. गाजर किसायला वळले, तर तेवढ्यात हा आपला आपण बंद. परत चालू केला तर वाडग्यासकट आकडा. पुन्हा शून्य करून वाडगं उचललं तर उणे एकशे बारा. उणे म्हणजे काय? मी ह्याचं काही देणं लागते का? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, रिकामी गाडी आधी तोलायची, मग भरलेली. मधला फरक तो माल." मी म्हटलं, मी काय स्वयंपाकघरात ट्रक आणू? तर हे हसत बसले आणि पोरगी भुकेने टेबलावर डोकं टेकून बसली.

दुपारच्या जेवणाला तेल तीस, किसलेलं गाजर तीस, सफरचंद तीस, अंडं एक, शिवाय लोणी आणि क्रीम. हे करायला मला एवढा वेळ लागला की तेवढ्यात मी लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक उरकला असता. उगीच बढाई नाही मारत. कारखान्याच्या खानावळीत अठरा वर्षं मी पातेली उतरवलीत, कधी काटा पाहिला नाही. डाव, वाटी आणि डोळा.

पट्टीचं काम सोपं आहे. सकाळी मुंगीच्या लघवीत कागदाची पट्टी बुडवायची. गडद जांभळी झाली की जेवण लागू पडतंय. आज वांग्यासारखी झाली होती. कागदावर 'ठीक' लिहिलं.

गुरुवार, ६

सुटले एकदाची.

कपाटात मुंगीच्या दुधाच्या वेळचा प्लास्टिकचा मापाचा पेला सापडला. छोटासाच. बुडाशी लिहिलंय, काठापर्यंत तीस. आता सगळं तीस-तीसच तर लागतं! पण मी आंधळेपणाने काही करत नाही. आधी खात्री केली. काट्यावर पेला ठेवला, शून्य केलं, काठोकाठ पाणी भरलं. आकडा आला तीस. ना एक कमी ना एक जास्त. परत ओतून परत भरलं, परत तीस. ह्यांना हाताला धरून आणलं आणि दाखवलं. हे तोंडात घास असताना म्हणाले, "पाण्याचं बरोबर आलं."

मी म्हटलं, मग झालं तर.

काटा पुसून, फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला. पडायला नको ना? लेकीनेच सांगितलंय.

रविवार, ९

चार दिवसांत घर पहिल्यासारखं झालं. पेला तेलाचा, पेला गाजराचा, पेला सफरचंदाचा, की ताट तयार. मुंगीला वाट बघावी लागत नाही. कालपासून गाणी म्हणत जेवते.

एक गोष्ट मात्र मी माझ्या पद्धतीने करते. गाजर पेल्यात अंगठ्याने दाबून भरते आणि वर शीग ठेवते. सपाट काठाला माप पुसून द्यायचं हे दुकानदाराचं काम, घरातल्या बाईचं नाही. माझी आई शेजारणीला उसनं पीठसुद्धा शीग लावूनच द्यायची. मापात पाप नको म्हणायची. मग ही तर माझी नात. सफरचंदाच्या फोडींनाही शीग ठेवते, निसटत्या दोन फोडी तशाच ताटात. पोरगी खूश.

तेलाला काय शीग लागत नाही. उलट केसभर कमीच भरावं लागतं, नाहीतर हातावर सांडतं. पण तेलाचं पोरीला कौतुकही नाही, गिळताना तोंड वाकडं करते.

लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, काटा जमतोय ना?" मी म्हटलं, "सगळं तीस बरोबर जातंय." म्हणजे खोटं काही बोलले नाही.

मंगळवार, ११

पट्ट्या शिळ्या झाल्यात. कालपासून जांभळ्या होतच नाहीत, धुतलेल्या साडीसारख्या गुलाबट होतात. लेकीने डबी न्हाणीघरात ठेवली होती, वाफ लागली असणार. कागदावर काय लिहायचं? पट्टीचं खोटं, पोरगी खरी. पोरगी धडधाकट आहे. 'ठीक' लिहिलं.

पण हट्टी व्हायला लागलीय. आज जेवताना चमचा तोंडापाशी धरून बसली, कुठे बघत होती कोण जाणे. "मुंगे!" म्हणून दोनदा ओरडले. ओ नाही. मग एकदम घास तोंडात घातला, जसं काही मी बोललेच नाही. आईच्या नसण्याचा फायदा घेतात पोरं. मी सगळं ओळखते.

बुधवार, १२

आज भांडण केलं आणि मला अजिबात वाईट वाटत नाही.

झालं असं. पट्टी आज तर पांढरीच. मनात आलं, पट्टी शिळी असेल, नाहीतर काटाच खोटा असेल आणि त्याने मला पहिल्या दिवसापासून फसवलं असेल. म्हणून काटा खाली काढला. एक लिटरच्या बाटलीत पाणी भरून तोललं, बाटलीचं वजन वजा करून. हे मला आता येतं, रिकामी गाडी, भरलेली गाडी. हजार ग्रॅम. काटा खरा. मग नवीन तेलाची बाटली तशीच तोलली, आधीच्या रिकाम्या बाटलीचं वजन वजा करून. एक लिटर लिहिलंय. भरली नऊशे दहा! नव्वद ग्रॅम खाल्ले मेल्याने!

बाटली घेऊन तडक दुकानात. गिऱ्हाइकं उभी होती, बरंच झालं. म्हटलं, "लिटर म्हणून विकता आणि नऊशे दहा भरतं, मोजून आलेय मी."

दुकानदार म्हणाला, "मावशी, बाटलीवरच छापलंय बघा. एक लिटर, खाली नऊशे दहा ग्रॅम. दोन्ही खरं."

"दोन्ही कसं खरं? पाण्याचं हजार भरतं!"

"मावशी, तेल पाण्यावर तरंगतं का बुडतं?"

"तरंगतं."

"हलकं आहे म्हणूनच ना?"

"मग हलकं तेल विकता कशाला? जड द्या!"

सगळे हसले. एक बाई तर पिशवी खाली ठेवून हसली. मी बाटली त्याच्या गल्ल्यावर आपटली नाही एवढाच माझा चांगुलपणा. पुढच्या चौकातल्या दुकानात गेले, तिथल्या बाटलीवरही नऊशे दहाच छापलेलं. म्हणजे सगळे एकमेकांना सामील आहेत.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे काहीतरी बोलणार होते, पण माझं तोंड बघून गप्प बसले. चाळीस टनांच्या गाड्या तोलणारा माणूस बायकोपुढे नव्वद ग्रॅमचं बोलू शकत नाही.

शनिवार, १५

शाळेतल्या बाईंनी बोलावलं होतं. "मुंगी वर्गात मध्येच हरवते. फळ्याकडे बघते पण बघत नसते. वाचताना ओळ अर्धी सोडते आणि पुढच्या ओळीपासून सुरू करते. घरी काही झालंय का?"

मी म्हटलं, आई ट्रेनिंगला गेलीय, बाप पाण्यावर, पोर हरवणार नाही तर काय करणार? बाईंना पटलं. मलाही पटलं. येताना मुंगीचा हात धरून चालत होते, तर रस्त्याच्या मधोमध तिचे पाय थांबले. ओढलं तर आली. चपलेत खडा गेला असेल म्हणून चप्पल झटकली. खडा नव्हता.

रोड वाटते जराशी. म्हणून शीग अजून थोडी वाढवली.

सोमवार, १७

आज हात उचलला.

नळ सोडून उभी होती. बादली भरून वाहत होती, पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं, आणि ही आरशात बघत उभी. "नळ बंद कर" म्हटलं. एकदा, दोनदा. जवळ जाऊन बोलले. पापणीसुद्धा हलवली नाही. असला उद्धटपणा मी माझ्या लेकीचाही चालवून घेतला नव्हता. दिली एक दंडावर ठेवून. जोरात लागली असणार, माझीच बोटं झिणझिणली.

रडली नाही. जराही नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, तू मला हाक मारलीस का?"

कांगावा करणारं पोर असं विचारत नाही. मी नळ बंद केला. संध्याकाळी तिचा दंड बघितला, माझी चार बोटं उठलेली. "हे कसं झालं गं?" तिनेच मला विचारलं.

ह्यांना सांगितलं नाही. काहीतरी आहे. काय आहे ते मला कळत नाही. पडली तर नाही ना कुठे, ताठ झाली नाही, फेस नाही. मग काय आहे?

बुधवार, १९

संध्याकाळी लेकीचा फोन आला, समोर चित्र दिसतं तसला. मुंगीला खुर्चीत बसवून फोन डब्याला टेकवून ठेवला आणि मी ओट्यापाशी. मुंगी सांगत होती, "आणि मग बाईंनी सगळ्यांना..." आणि गप्प.

लेक म्हणाली, "आई, चित्र अडकलं गं."

मी म्हटलं, "इथलं नेट तसलंच आहे. जरा थांब."

"आई, मागचा पंखा फिरतोय."

"फिरणारच. लाइट आहे."

"आई!" असं ओरडली की माझ्या हातातला डाव पडला. "चित्र अडकलेलं नाही. मुंगी अडकलीय. तिच्याकडे बघ."

बघितलं. तोंड अर्धवट उघडं, डोळे कुठेच नाहीत, ओठाचा एक कोपरा बारीक उडतोय. ह्याआधी मी कधी तो कोपरा बघितलाच नव्हता, मी नेहमी ओरडत असायचे. मग मुंगी म्हणाली, "...डबे उघडायला सांगितले," आणि पुढे बोलत राहिली. तिच्या लेखी काही झालंच नव्हतं.

लेकीने तिला दुसऱ्या खोलीत जायला सांगितलं. मग मला विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

"हट्ट करते मधूनमधून. आठवडा झाला असेल."

"आई, पट्टी कशी येतेय? खरं सांग."

"फिकट."

"कागदावर काय लिहिलंयस?"

"ठीक."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी मॅडमकडे जा, मी आत्ताच त्यांना कळवते. तू जसं मोजतेस तसं त्यांना मोजून दाखव. काटा घेऊन जा."

"आणि पेला?"

"कसला पेला?"

मी सांगितलं. तिने डोळे मिटले. "मी बॅग भरते, येते," म्हणाली. मी म्हटलं, आलीस तर नोकरी गेली. ती म्हणाली, "मग जाऊ दे." मी म्हटलं, उद्या मॅडम काय सांगतात ते ऐक, मग काय ते ठरव. एवढं तरी माझं ऐकलं.

गुरुवार, २०

मॅडम म्हणजे दवाखान्यातली जेवणाचे तक्ते करून देणारी. माझ्या लेकीपेक्षाही लहान. हे पण सुट्टी टाकून आले. डॉक्टरांनी आधी मुंगीला तपासलं, डोक्याला तारा लावून बघितलं. म्हणाले, हे झटकेच आहेत. पडणं, फेस येणं हे मोठे. हे छोटे. त्यात पोर नुसतं थांबतं.

मी विचारलं, "त्या वेळी तिला ऐकू येतं?"

"नाही."

"आणि लागलं तर?"

"कळत नाही काही."

पोरीला कळलं नाही म्हणे. मग त्या दिवशी मी मारलं ते कुणाला?

मग मॅडमच्या टेबलावर मी मोजून दाखवलं. पाणी आधी. तीस. "बघा," मी म्हटलं, "मी खात्री करूनच घेतला होता."

मॅडम म्हणाल्या, "काकू, आता तेल." भरलं, केसभर कमी, नेहमीसारखं. त्यांनी काट्यावरच्या वाटीत ओतलं. सव्वीस. पेल्याला चिकटून राहिलं ते वेगळं. मी पेला उपडा धरून झटकला, बोटाने पुसला. सत्तावीस.

"आता गाजर." गाजर मी घरून किसून नेलं होतं. दाबलं, शीग ठेवली. अडतीस. सफरचंद छत्तीस.

मी म्हटलं, "पण पेला तोच आहे!"

"पेला जागा मोजतो, काकू. काटा वजन मोजतो. एवढ्याच जागेत तेल हलकं बसतं. कापूस भरला असता तर आणखी हलका."

"पाण्याचं तर जुळलं होतं."

"पाण्याचंच जुळतं."

हे खाली मान घालून बसले होते. मी ह्यांना म्हटलं, तुम्हाला माहीत होतं ना? तर म्हणाले, "मी तेव्हा पाण्याचं बरोबर आलं म्हटलं होतं." मी म्हटलं, मग तेलाचं चूक येईल हे बोलायला काय जीभ झडली होती? म्हणाले, "तू बोलू कुठे देतेस?" मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं.

मला एक सांगा, मी म्हटलं मॅडमना, तेल तीन ग्रॅम कमी आणि गाजर आठ जास्त, एवढ्याने? अठरा वर्षं मी शंभर माणसांना डोळ्याच्या मापाने घातलं, तो सगळा स्वयंपाक काय खोटा होता?

"खोटा नव्हता. त्यात थोडं इकडे-तिकडे झालं तर कुणी आजारी पडत नव्हतं. हिच्यासाठी हे जेवण औषधासारखं आहे. तेल कमी पडलं आणि गोड वाढलं की औषधाचा जोर उतरतो. तुम्ही रोज तिन्ही वेळेला औषध थोडं कमी दिलंत आणि त्याच्या उलटं थोडं जास्त दिलंत."

मग हेही सांगितलं की आजपासून काट्यावरच. सोमवारी सकाळपर्यंत पट्टी जांभळी झाली नाही किंवा झटके वाढले तर मुंगीला इथे दाखल करायचं आणि मुलीला बोलावून घ्यायचं. तोवर थांबायला हरकत नाही. लेकीला त्यांनी माझ्यासमोरच फोन करून हेच सांगितलं. लेक म्हणाली, "सोमवार."

शुक्रवार, २१

काट्यावर तोलणं मला जमतं. आधी सगळं किसून-चिरून ठेवायचं, मग काटा चालू, म्हणजे बंद पडत नाही. हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर! वाडग्याला लागलेलं तेल रबरी चमच्याने निपटून घ्यायचं आणि तो चमचा पोरीला चाटायला द्यायचा. तेही जमतं.

जमत नाही ते वेगळंच. आज गाजर बत्तीस आलं. दोन ग्रॅम काढायचे. म्हणजे पोरीच्या ताटातून, पोरगी बघत असताना, चिमटीने कीस उचलून परत डब्यात टाकायचा. पोराच्या पानातून उचलायला आमच्यात कुणी शिकवलं नाही. हात पुढे जाईना. मुंगीच म्हणाली, "आजी, दोन काढ. आई काढते." मी काढले. तीस. ती म्हणाली, "आता बरोबर," आणि मी पाठ फिरवून उगाच नळ सोडला.

आज चार वेळा थांबली. आता मी ओरडत नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहते. परत आली की जिथून वाक्य सुटलं तिथून पुढे बोलते.

रविवार, २३

पट्टी फिकट गुलाबी. काल तशीच. मुंगी दोनदा थांबली, का तीनदा. एकदा मला नक्की सांगता येत नाही, ती खरंच ढगांकडे बघत असेल. पोर खिडकीत बसून कधी नुसतं ढग बघतं की नाही? आता मला काहीच ओळखता येत नाही.

बॅग भरून ठेवली. मुंगीची. ह्यांनी विचारलं, कशाला भरलीस? मी म्हटलं, नाही भरली तर उद्या लागेल. भरली म्हणजे लागणार नाही. हे म्हणाले, हा कुठला हिशोब? माझा आहे, म्हटलं.

सोमवार, २४

जांभळी.

वांग्याएवढी नाही, पण जांभळी. उजेडात नेऊन बघितली, ह्यांना दाखवली, मुंगीला दाखवली. मुंगी म्हणाली, "आजी, ती टाक आता, तिला वास येतो." फोटो काढून लेकीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "कागदावर लिही." लिहिलं. नुसतं ठीक नाही लिहिलं. लिहिलं: 'जांभळी, मध्यम. काल तीनदा थांबली असावी, एकदा खात्री नाही.'

बॅग रिकामी केली.

तेल हलकं का, हे मला अजून कळलेलं नाही. बघायला तर जाड दिसतं. पाण्यापेक्षा जड वाटतं हाताला. मुंगीचे आजोबा दोनदा समजावून सांगत होते, मी म्हटलं, राहू द्या. माझ्या समजण्याने त्याचं वजन वाढणार आहे का?

शनिवार, २९

लेक दोन दिवसांची सुट्टी काढून आली. मला वाटलंच होतं, ही तपासायला येणार. म्हणून सकाळपासून ओटा चकचकीत केला, काटा पुसला, गाजर, सफरचंद, लोणी, सगळं ओळीने मांडून ठेवलं. म्हटलं, उभी राहा माझ्या डोक्यावर, बघ एकेक ग्रॅम, चूक निघाली तर तोंडावर सांग.

आली. मुंगीला पोटाशी धरून बराच वेळ बसली. तिचे डोळे बघितले, तिला तीन गोष्टी विचारल्या, तिने तिन्ही धड सांगितल्या. गेल्या तीन दिवसांत ती एकदाच थांबलीय. मग फ्रिजवरचा कागद वाचला. बोटाने ओळ न ओळ वाचत गेली. खोटी लिहिलेली 'ठीक' मी मागाहून खोडली होती, तिथे बोट थांबलं, मग पुढे सरकलं.

दुपार झाली. मी म्हटलं, "चल, तोलायला घेते. ये."

ती म्हणाली, "तू कर गं. मी जरा पाठ टेकते."

"अगं, बघायचं नाही का?"

"तू कर."

मी केलं. लोणी, क्रीम, तेल तीस. गाजर एकतीस आलं, एक कीस काढला. सफरचंद तीस पहिल्या फटक्यात, त्याचा मला उगाच आनंद झाला आणि तो बघायला कुणी नव्हतं. वाडगं निपटलं. ताट घेऊन खोलीच्या दारात गेले, म्हटलं, निदान वाढण्याआधी एकदा नजर टाकेल.

तर ही आडवी, तोंड उघडं, घोरतेय. चप्पलसुद्धा काढलेली नाही. दोन वर्षांत ह्या घरात दुपारची झोपलेली मी तिला पाहिली नव्हती. जेवणाच्या वेळेला तर नाहीच. हाक मारणार होते, मुंगीने तोंडावर बोट ठेवलं.

म्हणजे एवढं भाडं खर्चून तपासायला आली आणि ताटाकडे न बघता घोरत पडली. ह्याला पास म्हणायचं का नापास, ते काही मला कळलं नाही. दार लोटून घेतलं. मुंगी जेवली. चमचा चाटला.